हृदयातला एक दशांश सेकंद



कार्डिओग्रामची पट्टी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तीत आधी बुटका उंचवटा येतो, मग जराशी सपाट रेघ, आणि मग उंच टोकदार सुळका. नजर सुळक्यावर जाते. मला आज बोलायचं आहे ते त्या सपाट रेघेबद्दल.

प्रत्येक ठोका सुरू होतो उजव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या उजवीकडच्या वरच्या कप्प्यात. तिथे सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका आहे. मेंदूच्या हुकुमासाठी तो थांबत नाही. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० वेळा तिथे आपोआप विद्युतलहर उठते आणि दोन्ही अलिंदांत पसरते. हा तो बुटका उंचवटा.

पण खालच्या कप्प्यांत, निलयांत, तिला सरळ उतरता येत नाही. मध्ये वीज न वाहणारा तंतुमय पडदा आहे. वाट एकच, ए.व्ही. नोड नावाच्या पुंजक्यातून, आणि तिथे लहर कमालीची मंदावते. सेकंदाला जेमतेम ५ सेंटिमीटर! इथल्या पेशी बारीक, त्यांना जोडणारे दुवे विरळ. सुमारे ०.१ सेकंद इथेच जातो, हीच ती सपाट रेघ, आणि तेवढ्यात अलिंदं आवळून उरलेलं रक्त खाली लोटतात. हा उशीर नसता, तर निलय पुरते भरण्याआधीच आकुंचले असते.

हा नोड शोधला सुनाओ तावारा या जपानी तरुण डॉक्टरांनी, जर्मनीत मारबुर्गला, लुडविग आशॉफ यांच्या हाताखाली. विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये एक स्नायूंचा जुडगा वर्णिला होता. पुर्किन्ये यांनी त्याच्याही अर्धशतक आधी काही तंतू पाहिले होते. जुडगा आणि तंतू यांचं एकमेकांशी नातं काय, हे उलगडलं नव्हतं. तावारांनी हृदयाचे पातळ काप ओळीने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि नोडपासून त्या तंतूंपर्यंतचा मार्ग सलग दाखवला. १९०६ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. कार्डिओग्रामसाठी आइंटहोवेन यांना १९२४ चं नोबेल मिळालं, ते योग्यच. पण तावारांचं नाव वैद्यकाबाहेर कुणाला माहीत नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नोड ओलांडला की लहर पुर्किन्ये तंतूंतून सेकंदाला २ ते ४ मीटर वेगाने सुटते. निलय जवळजवळ एकदम आवळतात. हा सुळका.

कधी नोडमधला उशीर वाढत जातो, कधी वाट पूर्ण बंद होते. मग निलय स्वतःच्या संथ गतीने, मिनिटाला ४० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी, चालतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना वारंवार भोवळ येत असेल, तर वयावर ढकलू नका. मनगटावर नाडी मोजा. ती फार मंद लागली तर कार्डिओग्राम काढायला उशीर करू नका. अशा रुग्णांना पेसमेकर बसवतात. दोन तारांच्या पेसमेकरची एक तार अलिंदात असते, दुसरी निलयात, आणि वरच्या ठोक्यानंतर खालच्याने किती मिलिसेकंद थांबायचं, हे डॉक्टर त्या यंत्रात ठरवून देतात.