‘जीव नकोसा झालाय’ असं कुणी म्हणालं तर



राळेगणसिद्धीचं नाव निघालं की नालाबांध, हिरवं शिवार, यादवबाबांचं मंदिर आणि अण्णा हजारे आठवतात. अण्णांनी आपल्या तरुणपणातली एक गोष्ट स्वतःच अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. लष्करात असताना जगण्यात काही अर्थ नाही असं त्यांना वाटू लागलं होतं. जीव द्यायचा विचार मनात घर करून बसला होता, आणि आपल्याला का जगायचं नाही यावर त्यांनी दोन पानं लिहूनही काढली होती. नवी दिल्ली स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानात स्वामी विवेकानंदांचं पुस्तक हाती लागलं आणि त्यांना वाट दिसली. १९६५ च्या युद्धात खेमकरणला ते बचावले, १९७५ मध्ये निवृत्ती घेऊन गावी परतले. पुढचं महाराष्ट्राला पाठ आहे.

ही गोष्ट सांगताना आपण त्या दोन पानांवरून भरकन पुढे जातो आणि पुस्तकापाशी थांबतो. मला आज त्या दोन पानांबद्दल बोलायचंय. अण्णांना आजार होता असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय कुणाचं निदान करू नये, इतक्या वर्षांनी तर नाहीच. पण वर्दीतला धडधाकट जवान आतून असा खचलेला असू शकतो, हे लक्षात घ्या. आणि अशा प्रत्येकाच्या हाती वेळेवर नेमकं पुस्तक पडेल, या भरवशावर आपल्याला राहता येणार नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठी पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. शंभर प्रौढांपैकी जवळपास अकरा जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता. त्यातल्या पाचांपैकी चौघांहून अधिक जण उपचाराविनाच होते.

कांद्याचा भाव पडला, घरात मयत झालं, तर माणूस दुःखी होणारच. तो आजार नव्हे. पण दोन आठवडे उलटले तरी मन उठत नाही, आवडीच्या गोष्टीतही जीव रमत नाही, झोप पहाटे तीनला उडते, भूक मेलेली, आपण घरादाराला ओझं झालोय असं सारखं वाटतं, तर ते नैराश्य असू शकतं. आपल्याकडे मात्र माणूस ‘मी उदास आहे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, अंग दुखतंय, डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय. सलाईन लावून घेतो, ईसीजी काढतो, सगळं नॉर्मल येतं. मग कुणीतरी ‘बाहेरचं’ काढतं आणि देवऋषाकडे फेऱ्या सुरू होतात. बाळंतपणानंतर सतत रडणाऱ्या सुनेला तर नाटकी ठरवलं जातं. याची मला फार चीड येते, कारण त्या काळातलं नैराश्य हा ओळखता येणारा आणि बरा होणारा आजार आहे.

राळेगणबद्दल बोलताना दारूचा विषय टाळता येत नाही. गावाने दारूच्या भट्ट्या बंद केल्या, त्याने कितीतरी घरं वाचली. त्या काळात पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारही दिला गेला. अण्णांनी तेही लपवलेलं नाही. भट्ट्या बंद करणं योग्यच होतं, मारणं नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. व्यसन हा आजार आहे. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र व्यसनी माणसाला रुग्ण मानूनच काम करत आलं आहे. आणखी एक सांगतो: बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, यातून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

आता मुख्य गोष्ट. ‘मला काय करायचंय जगून,’ असं घरातलं कुणी बोललं की आपण म्हणतो, ‘असं अभद्र बोलू नये.’ तिथेच बोलणं संपतं. त्याऐवजी जवळ बसा आणि सरळ विचारा, ‘दादा, जीव द्यायचा विचार येतो का मनात?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, बऱ्याच जणांना बोलता येतं म्हणून हलकं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश करू नका, त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून आणि गोठ्यातून हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पोलिसांच्या भीतीने लोक गोष्टी दडवतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानलं जातं. त्याची काळजी घेणं, त्याच्यावर उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं.

कुठे जायचं? सुरुवात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आपल्या तालुक्याच्या, म्हणजे पारनेरच्या ग्रामीण रुग्णालयातून करा. गरज पडली तर अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात जा. रात्री-अपरात्री, शेतावरून, कुठूनही १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावा. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठवड्यात सोडू नका. बरं वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने घ्या. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या गोळ्यांचं तसं नाही. त्या दुकानातून परस्पर आणू नका.

आणि डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाल तेव्हा रुग्णाबरोबर घरातल्या कुणीतरी जरूर जा. आधीच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, झोप-जेवण कधीपासून बिघडलं ते सांगा. मग थोडा वेळ बाहेर बाकावर थांबा. काही गोष्टी घरच्यांसमोर बोलता येत नाहीत.