अन्नाचे ऋण

कृतज्ञता ही एक भावना आहे, असे सामान्यतः मानले जाते. कोणी उपकार केला की मन भरून येते, ओठांवर आभाराचे शब्द येतात आणि तेवढ्याने उपकाराची फेड झाली असे वाटते. बौद्ध परंपरेने या गुणाला दिलेले नाव मात्र भावनेपासून निघालेले नाही. पाली भाषेत कृतज्ञ माणसाला 'कतञ्ञू' आणि 'कतवेदी' अशी दोन विशेषणे जोडीने लावतात. कतञ्ञू म्हणजे आपल्यासाठी जे केले गेले ते जाणणारा. कतवेदी म्हणजे ते जाणल्याचे वागण्यातून प्रकट करणारा. आधी ज्ञान, मग आचरण. अंगुत्तर निकायात दोन प्रकारची माणसे जगात दुर्मिळ म्हणून सांगितली आहेत : एक, आपण होऊन प्रथम उपकार करणारा, आणि दुसरा, केलेला उपकार जाणून फेडणारा. हा विचार अन्नाला लावला, की आभार कसे मानावेत हा प्रश्न मागे पडतो आणि या घासात कोणाकोणाचे काय खर्ची पडले आहे, हा प्रश्न पुढे येतो.

बंगळूरच्या गांधीनगर भागात महाबोधी सोसायटीचा विहार आहे. इंफाळ येथे जन्मलेले आचार्य बुद्धरक्खित यांनी १९५६ साली ही संस्था स्थापन केली. २०१३ मध्ये त्यांचे देहावसान झाले. हा विहार थेरवादी परंपरेचा आहे. या परंपरेत भिक्षूचे जेवण मध्याह्नापूर्वी आटोपलेले असावे असा नियम आहे. भिक्षूने अन्न साठवू नये, स्वतःसाठी रांधू नये, पात्रात जे पडेल ते आदराने स्वीकारावे, अशी शिस्त आहे. अन्न देणाऱ्या उपासकाचे तो रूढ अर्थाने आभार मानीत नाही. तो अनुमोदन करतो, म्हणजे दात्याच्या सत्कृत्यात आनंद मानून त्याचे कल्याण चिंतितो. भोजन देणारा आयुष्य, वर्ण, सुख, बल आणि प्रतिभा अशा पाच गोष्टी देतो, अशी शिकवण आहे. जेवताना भिक्षूने मनाशी असे चिंतन करावयाचे असते, की हे अन्न चैनीसाठी, मस्तीसाठी वा देह सजविण्यासाठी नाही. शरीर टिकावे, भुकेची पीडा शमावी आणि साधना निर्वेध चालावी एवढ्यासाठीच आहे. हे चिंतन वरवर कोरडे वाटले, तरी ऋणाची कबुली ती हीच. पात्रातून मिळालेल्या बळाचा हिशेब भिक्षूला आपल्या जीवनक्रमाने द्यावा लागतो.

तथापि अन्न देणारा हात हा साखळीतला केवळ शेवटचा दुवा होय. त्यामागे असलेल्या जीवांची जाणीव विनयाच्या नियमांतून सर्वत्र दिसते. भिक्षूने जमीन खणू नये, झाडेझुडपे तोडू नयेत, जीवजंतू असलेले पाणी वापरू नये. त्याच्या मोजक्या आठ वस्तूंमध्ये पात्र, चीवरे, वस्तरा, सुई यांच्याबरोबर पाणी गाळण्याचे वस्त्रही असते. पावसाळ्यात भिक्षू हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवीत हिंडतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यातून वर्षावासाची प्रथा सुरू झाली, असे विनयग्रंथ सांगतो.

येथे एक शंका उद्भवते. भिक्षूने नांगर धरला नाही, तरी त्याच्या पात्रातील भात नांगरानेच पिकविलेला असतो. मग हिंसा दुसऱ्याने करावी आणि शुद्धता आपण मिरवावी, असे तर होत नाही ना? बौद्ध वाङ्मयाने ही अडचण लपविलेली नाही. अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'त तरुण सिद्धार्थ नांगरलेले शेत पाहतो. उलटलेल्या मातीत मरून पडलेले किडे, उन्हावाऱ्याने रापलेले नांगरकरी आणि ओझ्याने थकलेले बैल एकाच वेळी त्याच्या नजरेस पडतात, आणि तो त्या सर्वांसाठी शोक करतो. संयुत्त निकायातील एक दृष्टान्त याहून कठोर आहे. वाळवंट ओलांडताना शिधा संपलेले आईबाप मृत्यू टाळण्यासाठी आपल्याच मुलाचे मांस खातात. ते चवीने किंवा मौजेने खातील काय? अन्नाकडे याच दृष्टीने पाहावे, असे तेथे सुचविले आहे. अन्न नाकारण्याचा उपदेश यात नाही. जगण्यासाठी घ्यावेच लागते. घेताना त्याची किंमत विसरता येत नाही, एवढेच सांगणे आहे.

ही किंमत जाणणे बंगळूरसारख्या महानगरात अधिक अवघड झाले आहे. शहराभोवतीच्या कोरडवाहू प्रदेशाचे मुख्य अन्न म्हणजे रागी, महाराष्ट्रातील नाचणी. मंड्या येथे डॉ. सी. एच. लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी वाणांच्या संकरातून 'इंडाफ' नावाचे वाण विकसित केले आणि रागीचे उत्पन्न वाढले. रागीचा मुद्दा खाणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल? आणि पेरणी, कोळपणी, कापणी, मळणी करणाऱ्यांची नावे तर कोठेच नोंदलेली नसतात.

तरीही जुनी स्मृती पूर्णपणे पुसली गेलेली नाही. बंगळूरच्या बसवनगुडीत कार्तिकातील अखेरच्या सोमवारी 'कडलेकाई परिषे', म्हणजे भुईमुगाची जत्रा भरते. एक बैल शेतातील भुईमूग खाऊन टाकीत असे. शेतकऱ्यांनी त्याच्यासाठी मंदिर बांधले आणि पहिले पीक त्यालाच अर्पण करण्याचे ठरविले, अशी तेथील आख्यायिका आहे. महाराष्ट्रातील पोळा किंवा बेंदूर यांच्याशी या जत्रेचे नाते सहज लक्षात येते. या परंपरा बौद्ध नव्हेत; परंतु सुत्तनिपातातील एका प्रवचनाशी त्यांचा सूर जुळतो. आईबाप आणि भाऊबंद जसे, तशीच गुरेही आपली मित्र आहेत, कारण ती अन्न, बल, वर्ण आणि सुख देतात, असे प्राचीन लोक मानीत, असे तेथे म्हटले आहे. बल, वर्ण आणि सुख ही देणी अन्नदात्याची म्हणून सांगितली जातात. तीच येथे गुरांच्या नावे मांडली आहेत. नांगर ओढणारा बैल हाही दाताच ठरतो.

श्रोतेहो, कृतज्ञतेच्या या चर्चेत महाराष्ट्राचा एक अनुभव वगळून चालणार नाही. गावगाड्यात महार समाजाकडे येसकरकीची कामे असत आणि त्या कामांच्या बदल्यात दारोदार फिरून शिळ्या भाकरीचे तुकडे गोळा करावे लागत. श्रम आधीच झालेले असत; तरीही भाकर उपकार म्हणून टाकली जाई आणि घेणाऱ्याने लाचार व्हावे अशी अपेक्षा असे. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत जनावराचे मांस खाणे आणि उष्टे तुकडे मागणे सोडून देण्याचे आवाहन केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ज्या समाजाला अन्नासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाकावे लागले, त्याच्यापुढे अन्नाबद्दलच्या कृतज्ञतेचा विषय कोणत्या तोंडाने काढावयाचा?

या प्रश्नाचे उत्तर भिक्षापात्राच्या नियमांतच सापडते. कसिभारद्वाज नावाचा शेतकरी ब्राह्मण बुद्धांना म्हणाला, की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. आपणही तसेच करावे. बुद्धांनी आपलीही एक शेती असल्याचे सांगितले : श्रद्धा हे तिचे बी, प्रज्ञा हा नांगर. प्रसन्न होऊन ब्राह्मणाने खीर पुढे केली, तेव्हा बुद्धांनी ती नाकारली. गाथा म्हणून मिळालेले अन्न त्यांना चालणारे नव्हते. भिक्षा हा सौदा नव्हे, हा या कथेचा अर्थ. त्याच न्यायाने मजुरी ही भिक्षा नव्हे. श्रमाचा वाटा उपकार म्हणून देणे आणि त्याबद्दल नम्रता मागणे, यात कृतज्ञता उलट्या दिशेने वाहते. जाणीव ठेवावयाची ती अन्न वाटणाऱ्याच्या सत्तेची नव्हे, तर ज्यांच्या घामाने आणि ज्यांच्या प्राणांनी ते अन्न उभे राहिले त्यांची. म्हणूनच येसकराचे ऋण गावावर होते. गावाचे येसकरावर नव्हते.

बुद्धांच्या अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग या संदर्भात लक्षणीय आहे. पावा येथे चुंद नावाच्या लोहाराने त्यांना भोजन दिले आणि त्यानंतर त्यांचा आजार बळावला. त्या भोजनातील 'सूकरमद्दव' म्हणजे नेमके काय, यावर धर्मानंद कोसंबी यांच्यासह अनेक अभ्यासकांनी विचार केला आहे. त्या वादापेक्षा बुद्धांनी आनंदाला दिलेला निरोप अधिक मोलाचा आहे. चुंदाला पश्चात्ताप होऊ देऊ नये. संबोधीपूर्वीचे भोजन आणि परिनिर्वाणापूर्वीचे भोजन ही दोन्ही सारख्याच फळाची आहेत, असे त्याला सांगावे, असा तो निरोप होता. देहात वेदना असताना त्यांना काळजी होती ती अन्न देणाऱ्या कारागिराच्या मनाची. केलेले जाणणे आणि ते प्रकट करणे, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आलेल्या दिसतात.

सामान्य गृहस्थाला भिक्षूचे नियम लागू नाहीत. परंतु पानात लागेल तेवढेच घ्यावे, घेतलेले टाकू नये, पिकविणाऱ्याला आणि रांधणाऱ्याला त्यांचा रास्त वाटा मिळतो की नाही हे विचारावे, आणि आपल्या पोटासाठी ज्या जीवांना इजा होते ती शक्य तेवढी कमी करावी, एवढे कोणालाही करता येते. अन्नाचे ऋण पूर्ण फिटत नाही, कारण ते दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावे लागते. म्हणून त्याची फेडही रोजचीच आहे.