हिशेब कायद्याचा, उपासना धर्माची
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



कोणतीही धर्मसंस्था पन्नास वर्षे टिकते ती समाजाच्या श्रद्धेवर आणि विश्वस्तांच्या चोख कारभारावर. श्रद्धा हा धर्माचा प्रांत. कारभाराचा जाब मात्र कायदाही विचारतो. या दोहोंची सीमा कोठे आहे, हा आजच्या चिंतनाचा विषय.

१९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला. नोंदणी, हिशेब आणि लेखापरीक्षण ही बंधने धर्मस्थानांवर आली. त्याविरुद्ध एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. पुढे मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अंतिम निर्णय दिला, तो न्या. बी. के. मुखर्जी यांनी लिहिला.

त्या निर्णयाचे सार असे, की पूजाविधी, व्रते, आचार ही धर्माची अंगे आहेत; ती कोणती, हे त्या त्या पंथाने ठरवावे. संपत्तीचा कारभार मात्र कायद्यानुसारच व्हावा. म्हणून नोंदणी व हिशेब कायम राहिले. पण धर्मादाय आयुक्तांना सरसकट धार्मिक संस्थेचे विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द झाली. कारण त्यायोगे मठाधिपतीच्या आसनावर सरकारी अधिकारी बसला असता. दात्याचा मूळ हेतू साध्य होत असतानाही धार्मिक निधी अन्य कार्याकडे वळविण्याची मुभाही न्यायालयाने अमान्य केली. देवद्रव्याचे पावित्र्य जाणणाऱ्या आपल्या समाजाला याचे मोल सांगणे नलगे.

वाद एका जैनाने व पारशी बांधवांनी मांडला. त्याचे फळ मठ, चर्च, मंदिर, अग्यारी अशा सर्वांना लाभले. विविधतेच्या देशात एकाचे स्वातंत्र्य असे सर्वांचे होते.

हा विषय कर्जत-खालापूरला दूरचा नाही. २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानंतर येथील जमिनीला सोन्याचे मोल आले. कोणी धर्मशाळेसाठी, कोणी विहार करणाऱ्या साधू-साध्वींच्या निवासासाठी श्रद्धेने दिलेल्या जागेवर उद्या खरेदीदाराची नजर जाणारच. आज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच कायद्याचे कलम ३६ सांगते, की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीविना अशी स्थावर मिळकत विकता, अदलाबदल करता वा दान देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि अन्य जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यासही परवानगी लागते. हे कलम म्हणजे दिवंगत दात्याच्या शब्दाचा पहारेकरी होय.

विश्वस्त हा मालक नव्हे. आपल्या परंपरेने अपरिग्रह शिकविला. कायदा त्याची निदान पहिली पायरी चढावयास लावतो. म्हणून लेखापरीक्षणाला संकट मानू नये आणि उपासनेतील हस्तक्षेप मुकाट्याने सोसू नये. ही दोन्ही कर्तव्ये पाळणारी संस्थाच शतकमहोत्सव पाहील.

जय जिनेंद्र!