यादी कुणासाठी उघडी?



आजचा विषय आहे डिजिटल हक्क आणि पत्रकारिता. नागापुरात या विषयाची फार ओळख करून द्यावी लागत नाही. एमआयडीसीतल्या कामगाराचा पीएफ, आईचं रेशन, बहिणीची स्कॉलरशिप, सगळं आता मोबाईलवर आलंय. अंगठा जुळला तर काम होतं, नाही जुळला तर चकरा सुरू.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कुठलीही सिस्टीम उभी करताना आम्ही एक गोष्ट आधी ठरवतो: कुठली माहिती कुणाला दिसेल. यालाच परमिशन म्हणतात. वेगळं काही ठरवलं नसेल तर जे आपोआप लागू होतं, ते डीफॉल्ट. देशाच्या कायद्यातही असं एक डीफॉल्ट असतं. ते नुकतंच बदललंय आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे.

आधी एक उदाहरण सांगतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची प्री-मॅट्रिक स्कॉलरशिप तुमच्यापैकी अनेकांनी घेतली असेल. अर्ज ऑनलाइन, पैसे थेट बँक खात्यात. कागदावर पाहिलं तर चोरीला जागाच नाही. पण नोव्हेंबर २०२० मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’ने झारखंडमधली बातमी दिली. पत्रकारांनी लाभार्थ्यांच्या नोंदी घेतल्या आणि त्या शाळांत, त्या घरांत जाऊन विचारलं. दलाल, बँकेशी संबंधित लोक आणि शाळांतली काही माणसं मिळून गरीब मुलांच्या नावावर पैसे उचलत होती. पुढे केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने देशभरातल्या १,५७२ संस्था तपासल्या, तेव्हा ८३० संस्था बोगस निघाल्या. नुकसान १४४ कोटींहून जास्त. २०२३ मध्ये प्रकरण सीबीआयकडे गेलं.

आता हे इंजिनिअरच्या नजरेने पाहा. अंगठा जुळतो का, हे कॉम्प्युटर तपासतो. त्या नावाचं पोर त्या शाळेत खरंच बसतं का, हे त्याला कळत नाही. ते कळायला कुणीतरी शाळेच्या दारात जावं लागतं आणि जाताना हातात यादी लागते. यादीच बंद असेल तर पत्रकार कुणाचं दार वाजवणार?

यादी मागण्याचा हक्क आपल्याला माहिती अधिकाराने दिला. या हक्काची एक वाट आपल्याच जिल्ह्यातून गेली आहे. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने मजुरीचे हिशेब उघडे करायला लावले. महाराष्ट्रात पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी आंदोलनं केली, २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं. देशाचा कायदा २००५ मध्ये आला, पण महाराष्ट्राचा त्याच्याही आधीचा. अण्णांच्या बाकीच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, या कायद्याचा उपयोग आपण सगळेच करतो.

त्या कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये, म्हणजे इंग्रजीतल्या ‘जे’ मध्ये, एक तोल होता. खासगी माहिती नाकारता यायची, पण ती सार्वजनिक कामाशी संबंधित नसेल किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल तरच. शिवाय, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हा तोल काढून टाकला. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू आहे. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढं कारण नकाराला पुरतं. कलम ८(२) शिल्लक आहे, म्हणजे जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, आणि सरकार त्याकडेच बोट दाखवतं. पण डीफॉल्ट उलटलं. आधी नकाराला कारणं द्यावी लागायची, आता मागणाऱ्याला जनहित पटवून द्यावं लागतं.

खासगीपण नको, असं मी म्हणत नाही. आपल्याला तर ते जास्तच हवं. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुली बाई’ नावाच्या ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो लिलावासाठी टाकले गेले. त्यात महिला पत्रकारही होत्या. मुंबईच्या सायबर पोलिसांनी त्यात अटका केल्या. आपल्या बहिणीचा फोटो, नंबर, पत्ता कुणाच्याही हाती लागू नये, यासाठी कडक कायदा हवाच. पण बहिणीचा फोटो आणि अनुदान लाटणाऱ्या संस्थेच्या चालकाचं नाव, दोन्ही ‘वैयक्तिक’ म्हणून एकाच कपाटात बंद करायची गरज नाही.

हा फरक आपल्याकडच्या पहिल्या मसुद्यात होता. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारे न्या. बी. एन. श्रीकृष्ण तुम्हाला माहीत आहेत. त्यांच्याच समितीने २०१८ मध्ये डेटा संरक्षणाचा मसुदा दिला आणि त्यात पत्रकारितेसाठी वेगळी सूट होती. २०२३ च्या कायद्यात ती सूट नाही. सरकारला मात्र आपल्या यंत्रणांना कायद्यातून वगळण्याची मुभा आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. छोटं साप्ताहिक किंवा एकट्याने यूट्यूब चॅनल चालवणारा पत्रकार हा आकडा ऐकूनच विषय सोडून देईल.

दुसरीकडे काय होतं? आफ्रिकेतल्या पत्रकारांनी १९९१ मध्ये नामिबियातल्या विंडहोक इथे स्वतंत्र वृत्तपत्रांचा जाहीरनामा काढला. ३ मे हा जागतिक पत्रकारिता स्वातंत्र्य दिन त्यातूनच आला. केनियाचा २०१९ चा डेटा संरक्षण कायदा पाहा. त्यात पत्रकारिता, साहित्य आणि कलेसाठी सूट आहे. त्याच केनियात सरकारने आधारसारखी ‘हुदुमा नंबा’ ही योजना आणली. तिथला न्युबियन समाज बहुतांश मुस्लिम आहे. साधं ओळखपत्र काढतानाही त्यांच्या तरुणांना जास्तीच्या चौकशीतून जावं लागायचं. नव्या योजनेत आपण बाहेरच राहू, म्हणून त्यांची संघटना कोर्टात गेली. तिथे भारताच्या आधारचीही चर्चा झाली. जानेवारी २०२० मध्ये हायकोर्टाने सांगितलं: आधी पुरेसा कायदा करा, मग योजना राबवा, डीएनए आणि जीपीएसची माहिती गोळा करता येणार नाही. एका छोट्या समाजाने देशभरच्या सिस्टीमची परमिशन तपासायला लावली.

आपण काय करायचं? पत्रकार व्हायलाच हवं असं नाही. माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत करता येतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. आधी नावं मागू नका, आकडे मागा: आपल्या तालुक्यात शाळेनुसार किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती परत गेले आणि कुठल्या कारणाने. आकड्याला ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारता येत नाही. नावं लागलीच तर कलम ८(२) आणि कलम ४ चा उल्लेख करा. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून जाहीर करावा, असं कलम ४ सांगतं. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. आणि जे हाती येईल ते स्थानिक पत्रकाराकडे न्या. त्याआधी त्यातले आधार नंबर, खाते नंबर, मोबाईल नंबर झाकायला विसरू नका. दुसऱ्याचं खासगीपण जपूनही चोर पकडता येतो, हे आपल्या कामातून दिसलं पाहिजे.

नगर तालुक्यापुरता असा एक अर्ज मी लिहून आणलाय, विषय स्कॉलरशिपचा. कार्यक्रम झाल्यावर ज्यांना तो आपल्या नावाने द्यायचाय, त्यांनी मागच्या टेबलाजवळ या. शाळांची यादी सोबत बसून करू.