मेळाव्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी
(सहायकांच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



येत्या हिवाळ्यात जळगाव जामोदला एक मेळावा भरवावा असं आपल्या समितीच्या मनात आहे. सौर दिवे, सुधारित चुली, बायोगॅस, सौर पंप बनवणाऱ्या संशोधकांना बोलवायचं, पर्यावरणाचं चांगलं काम केलेल्या गावकऱ्यांना बोलवायचं आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या गावांतल्या लोकांशी त्यांची गाठ घालून द्यायची. कल्पना चांगली आहे. मी तिच्या बाजूनंच बोलायला उभा आहे. पण खर्चाचा जो कच्चा आराखडा झाला आहे त्यात मंडप, ध्वनिक्षेपक, जेवण, पाहुण्यांचा प्रवास आणि स्मृतिचिन्हं एवढंच आहे. पैसे तुम्ही देणार, म्हणून तुमच्यासमोरच सांगतो: या आराखड्यात एक रकाना कमी आहे.

आधी आपण कुणासाठी हे करतो आहोत ते बघू. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तरेला डोंगर चढू लागला की भिलाला, कोरकू, निहाल, बारेला यांची वस्ती सुरू होते. वर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातलं अंबाबारवा अभयारण्य. खाली पूर्णेकडे खारपाणपट्टा, जिथं बोअरला पाणी लागलं तरी तोंडात धरवत नाही. उज्ज्वला योजनेचं सिलिंडर बऱ्याच घरांत पोहोचलं, पण भरलेलं सिलिंडर डोंगरावर नेण्याचं भाडं आणि त्याची किंमत जोडली की बाई ते पाहुण्यांसाठी राखून ठेवते. रोजची भाकरी चुलीवरच. घराघरांतल्या अशा धुरानं जगात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसं मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त बालकं. आपल्या दवाखान्यात खोकत येणाऱ्या आजीबाईंना तुम्ही पाहिलंच आहे. त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात बिडी ओढलेली नाही.

आता मेळाव्यांबद्दल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात डिसेंबरच्या अखेरीस पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास मोठं कृषी प्रदर्शन भरतं. तिथं अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे, सौर वाळवणी यंत्रं वगैरे पाहायला मिळतात. एका वर्षी आम्ही आपल्या गावांतल्या बायकांना घेऊन गेलो होतो. एका दालनात चकचकीत सुधारित चूल मांडली होती. माहिती देणारा मुलगा तिची कार्यक्षमता सांगत होता, आणि आमच्यातली एक बाई खाली बसून बोटांनी तिचं तोंड मोजत होती. मोजून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "भाऊ, माह्या घरचा तवा याच्यावर बसत नाही." त्या मुलानं हसून पत्रक तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. पण त्या दिवशी त्या दालनात सगळ्यात मोलाचं वाक्य तिचं होतं, आणि ते लिहून घ्यायला कुणी नव्हतं. मेळावा भरवायचा तो हे वाक्य लिहून घ्यायला, असं माझं मत आहे.

आपल्याकडे संशोधकांची वाण नाही. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते नातू, मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी १९९६ साली ग्रामीण भागाला उपयोगी तंत्रज्ञानासाठी 'आरती' ही संस्था काढली. ऊस तुटल्यावर शेतात पाचट उरतं आणि शेतकरी ते पेटवून देतो. कर्व्यांच्या संस्थेनं ते पाचट पिंपात बंद करून भट्टीत भाजलं, त्याचा कोळसा केला, खळीत कालवून त्याच्या कांड्या पाडल्या. त्या कोळशावर चालणारा 'सराई' कुकर काढला: शंभर ग्रॅम कोळशात पाच माणसांचा स्वयंपाक. या कामाला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. चार वर्षांनी, २००६ साली, दुसऱ्यांदा मिळाला तो घरगुती बायोगॅससाठी. त्यामागचा विचार मला फार आवडतो. शेण म्हणजे जनावरानं एकदा पचवून टाकलेलं अन्न. मग गॅस करणाऱ्या जंतूंना उष्टं का वाढायचं? सरळ अन्नच द्यावं: खराब झालेलं धान्य, आंब्याच्या कोयी, पेंड, खरकटं. शेणाच्या संयंत्राला चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागायचे, तेवढा गॅस दोनेक किलो पिष्टमय पदार्थांतून दिवसभरात मिळू लागला.

आपल्याकडे ऊस नाही, पण पऱ्हाटी आणि तुराटी आहे. कपाशीचा हंगाम संपला की पऱ्हाटीचे ढीग बांधाला पेटतात, आणि त्याच वेळी वरच्या गावातली बाई मोळीसाठी चार-पाच कोस चालते. कोळशाची ही पद्धत उसापुरती नाही, असं त्या क्षेत्रातली माणसं सांगतात. असा जाणकार आपल्या मेळाव्यात यावा आणि त्यानं पऱ्हाटीची भट्टी लोकांसमोर पेटवून दाखवावी. बायोगॅसवाल्यालाही बोलवू. पण त्याला एक प्रश्न विचारावा लागेल: संयंत्राला रोज किती पाणी लागतं? उन्हाळ्यात दोन हंडे डोक्यावरून आणणाऱ्या घरात त्या पाण्याचा हिशोब आधी होतो, गॅसचा नंतर.

यंत्र चांगलं असलं की ते गावात टिकतं असं मात्र नाही. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. तुमच्या गावात त्यांतली किती धुराडी आज उभी आहेत, बघा. नंतर २००६ च्या सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीनं 'ऊर्जा' नावाची शेगडी निघाली. आत छोटा पंखा, आणि शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या गोळ्या हे इंधन. शेगडी खरोखर चांगली होती, धूर जवळजवळ नाही. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत मिळून चार लाखांच्या घरात खपली. आपल्या मराठवाड्यात ती खेडोपाडी नेली बचत गटांतल्या बायकांनी. पण ज्या चिपाडापासून गोळ्या व्हायच्या ते चिपाड कारखान्यांनाही हवं झालं, गोळ्या महागल्या, वेळेवर मिळेनात, आणि बाई परत तीन दगडांच्या चुलीकडे गेली. शेगडीत दोष नव्हता. तिची भूक भागवणारं दुकान लांब होतं.

दहा कुमारींचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. मूर्ख कुमारींना आपण नेहमी बोल लावतो. मध्यरात्री तेलाचं दुकान किती लांब होतं, हे रविवारच्या शाळेत मला कुणी सांगितलं नाही! विषयांतर झालं, पण वरच्या गावांत काम करताना हा विचार मनात येतोच. काही वर्षांपूर्वी एका दात्यानं आपल्या एका वस्तीला सौर दिवे वाटले होते. दोन पावसाळ्यांत बॅटऱ्या बसल्या. दिवे अजून घरांत आहेत, खुंटीला टांगलेले. एकीनं त्याच्या डब्यात मीठ ठेवलं आहे.

आता ज्यांना हे जमलं त्यांच्याकडे बघू. मुंबईच्या आयआयटीनं प्रा. चेतनसिंग सोलंकी यांच्या पुढाकारानं शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांची योजना हाती घेतली. मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशा यांच्याबरोबर आपलं राज्यही त्यात होतं. मुलानं १२० रुपये भरायचे, बाकी मदतीतून. फुकट नाही, हे नीट ध्यानात घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवे कारखान्यातून तयार होऊन आले नाहीत. सुटे भाग आले, आणि गावातल्याच माणसांना शिकवून दिवे तिथंच जोडले गेले. ज्यानं दिवा जोडला त्याला तो उघडता येतो. दुरुस्तीची केंद्रंही तिथंच उभी केली. दुसरं उदाहरण स्वयम् शिक्षण प्रयोगचं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या कामातून प्रेमा गोपालन यांनी ही संस्था उभी केली. हजारावर बायका सौर दिवे, शेगड्या विकायला आणि समजावून सांगायला तयार झाल्या. या कामाला संयुक्त राष्ट्रांचा सन्मानही मिळाला. त्या बायका गावातल्याच असल्यामुळं वस्तू बिघडली तर गिऱ्हाईक त्यांच्या दारातच उभं राहतं. ही सक्ती फार उपयोगाची असते.

फार लांब कशाला, आपल्याच जिल्ह्याचं बघा. २०१८ च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये मोताळा तालुक्यातलं सिंदखेड राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत होतं. बालेवाडीला बक्षीस समारंभ झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या स्पर्धेची रचना आठवा. आधी प्रत्येक गावातल्या निवडक बायका-पुरुषांना चार दिवस एकत्र राहून शिकवलं. मग पंचेचाळीस दिवस भर उन्हात चर खणले. समारंभ सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलट करायला निघालो आहोत: आधी समारंभ, आणि शिकवणं जमलं तर.

संशोधकाची आणि गरजवंताची गाठ पडली की काय होतं, याचंही एक उदाहरण देतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी मेळाव्याच्या विरोधातच आहे. आसामच्या दरांग जिल्ह्यात मेहतर हुसेन आणि मुश्ताक अहमद या दोघा भावांनी भाताला पाणी द्यायला बांबूची पवनचक्की केली. हातपंपाला जोडली, खर्च काही हजारांत. अहमदाबादच्या प्रा. अनिल गुप्ता यांच्या 'हनी बी' परिवारानं ती पाहिली आणि पार कच्छच्या रणातल्या मिठागरांपर्यंत पोहोचवली. तिथले अगरिया डिझेलच्या पंपानं खारं पाणी उपसत होते, कमाईचा मोठा हिस्सा डिझेलमध्ये जात होता. तिथल्या वाऱ्याला बांबू पुरेना, म्हणून चक्की लोखंडी करावी लागली, किंमतही वाढली. पण मूळ युक्ती आसामच्या शेतकऱ्याची. हेच गुप्ता सर वर्षातून दोनदा शोधयात्रा काढतात, पायी. गावातल्या कारागिराचा सत्कार त्याच्याच गावात, त्याच्या शेजाऱ्यांसमोर होतो. आणि धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याला पावसाळ्यात रानभाज्यांची स्पर्धा भरते. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, ती ज्या जंगलाच्या राखणीसाठी मिळाली त्याच जंगलातल्या भाज्या तिथं बायका मांडतात. त्या दिवशी जाणकार त्या असतात, पाहुणे शिकायला येतात.

तर माझं मागणं असं. मेळावा भरवू, पण आधी प्रत्येक दोन-तीन वस्त्यांमागे एक अशा चार बायका निवडू. भाकरी करणाऱ्या, थोडं लिहिता येणाऱ्या आणि बाहेर जायला घरच्यांची आडकाठी नसणाऱ्या. त्यांना सौर दिवा उघडायला, बॅटरी तपासायला, चुलीचं धुराडं झाडायला शिकवू. मेळाव्यात पहिल्या रांगेत त्या बसतील, आणि प्रत्येक संशोधकाला आपल्या यंत्रावर त्यांच्या घरच्या तव्यात एक भाकरी करून दाखवावी लागेल. जो तयार होणार नाही त्यानं आला नाही तरी चालेल. स्मृतिचिन्हांचे पैसे वाचतील त्यांतून सुट्या भागांची एक पेटी भरू. सरकारच्या सौर कृषी पंप योजनेत आदिवासी शेतकऱ्याला पाचच टक्के भरावे लागतात आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते. पण तक्रार कुठं आणि कशी नोंदवायची हे सांगणारंही गावात कुणीतरी लागतं. तेही या चौघींकडे सोपवू.

समितीतले एक ज्येष्ठ बंधू मला म्हणाले, "बायका शिकतील, पण चार महिन्यांनी सोडून देतील." देतीलही एखादी. म्हणून दर दुरुस्तीमागे तिला दहा-वीस रुपये घेऊ द्यावेत असं मी सुचवलं आहे. सेवा म्हणून फुकट करायला लावलं तर ती पहिल्या पेरणीलाच थांबेल, आणि थांबावंही तिनं.

पैशाचं मी बोललो, पण आणखी एक मागायचं आहे. तुमच्यात वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत, आयटीआयला शिकवलेले आहेत, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलेले निदान दोघे मला समोरच दिसताहेत. नोव्हेंबरात आठ दिवस आमच्याकडे येऊन राहा. भाकरी-पिठल्याची सोय आम्ही करू, रात्री थंडी असते तेव्हा पांघरूण आणा. आणि येताना जमलं तर मल्टिमीटर घेऊन या, आमच्याकडे एकच आहे.