थोडी जागा

अब्बा गेल्यावर जुनं घर उतरवलं. वाटण्यांवरून धाकटा भाऊ आणि मी बोलेनासे झालो. सागाची एक तुळई मी मागून घेतली, ती चिरून पुतणीच्या लग्नासाठी टेबल करायला बसलो. रंधा मारला, फळ्या जोडल्या. स्क्रू घट्ट आवळणार, तोच शेजारचे म्हातारे सुतार म्हणाले, "भाई, लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. जखडलंत तर तडकेल. भोकं लांबट करा, थोडी जागा ठेवा."

ठेवली.

आमच्या पाळण्याच्या कडीचं भोक मात्र बुजवलं नाही. टेबल पोचवलं, तेव्हा धाकट्यानं त्यावरच बोट ठेवलं. मग म्हणाला, "बसा भाईजान, चहा घ्या."

दोन पावसाळे गेले. टेबल तडकलं नाही. आम्हीही नाही.