पत्र पोचलं, पण कधी?



दरवर्षी आम्ही वर्गणीचा हिशेब सांगतो. आज एका चुकलेल्या वेळेचा सांगतो.

गेल्या वर्षी आपल्या शाळेतल्या एका निवृत्त बाईंचा सत्कार होता. बैठक शनिवारी रात्री साडेअकराला संपली. उत्साहाच्या भरात आम्ही तेव्हाच सर्व सभासदांना ईमेल पाठवला, वर स्मरणिकेच्या जाहिरातींचं दरपत्रकही जोडलं. सकाळपर्यंत त्यावर बँकेचे, विम्याचे, सेलचे मेल येऊन बसले. सत्काराला मागच्या रांगा रिकाम्या राहिल्या. बाईंनी शाल सावरत हळूच विचारलं, "मुलांना कळवलं होतं ना?" कळवलं होतं, म्हणून तर उत्तर देणं अवघड गेलं.

शनवारा, इतवारा अशी वारांची नावं मिरवणाऱ्या आपल्या बुऱ्हाणपुरात आम्ही वारच चुकलो! पूर्वीच्या संपादकांना हे बरोबर कळत होतं. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला, तो मंगळवार होता, आणि पुढे मंगळवार म्हणजे 'केसरी' असंच समीकरण झालं. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तोही घरात चार माणसं निवांत असतात अशा दिवसांत.

हल्ली तयार सल्ला मिळतो: मंगळवारी सकाळी दहाला पाठवा. तो ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी ठीक असेल. आपला पॉवरलूमवाला त्या वेळी मागांच्या खडखडाटात उभा असतो, आणि सिंधीपुऱ्यातला दुकानदार नुकतं शटर वर करत असतो.

म्हणून यंदा जाहिरातींच्या आवाहनाआधी आम्ही यादीत एक सोडून एक नावं घेऊन दोन भाग केले. मजकूर तोच, विषयाची ओळ तीच, वारही तोच. एका भागाला सकाळी साडेदहाला पाठवलं, दुसऱ्याला रात्री नऊला. किती जणांनी मेल उघडला ते मोजलं नाही. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेण्याची सोय आली, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसू शकतो. आम्ही फक्त आलेली उत्तरं मोजली. रात्रीच्या भागाची जास्त आली. सकाळवाल्यांपैकी बऱ्याच दुकानदारांनी जेवणानंतर उत्तर दिलं. यादी छोटी आहे, एका खेपेवरून नियम करणार नाही. दिवाळीच्या आवाहनाला पुन्हा करून पाहू.

परगावच्या मुलामुलींसाठीही नऊ सोयीचे पडतात. गणपतीच्या दिवसांत आपले रात्रीचे नऊ म्हणजे लंडनला दुपारचे साडेचार, न्यूयॉर्कला सकाळचे साडेअकरा, कॅलिफोर्नियात साडेआठ. हिवाळ्यात तिथली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा सोय बदलेल.

आणखी एक ठरवलंय. सत्काराचं निमंत्रण आणि जाहिरातीचं दरपत्रक यापुढे एका पाकिटात घालायचं नाही.

प्रसादाच्या टेबलाशी वही ठेवली आहे. आपली सोयीची वेळ तिच्यात लिहा. पहिली नोंद बाईंचीच आहे: "दुपारी चारनंतर, चहा झाल्यावर."